नॉर्मंडीतला जिमी

नॉर्मंडीत पाहायचे काय? एक समुद्र आणि दुसरी थडगी, असे आमची भाची सांगते. लग्न झाल्यापासून ती तिकडे बायो गावी राहते. तेव्हा तिचा शब्द मानणे भाग होते. परंतु २०२४ च्या जूनमध्ये मी तिच्याकडे गेलो, आणि तिसरीच गोष्ट रस्ता अडवून पुढे उभी राहिली. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा या किनाऱ्यावर उतरल्या, त्याला ८० वर्षे पुरी होत होती. बायोहून सँत-मेर-एग्लीजकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हिरव्या लष्करी गाड्यांची अशी रांग लागली होती की, लढाई संपल्याचे या मंडळींना कोणी कळवलेच नाही की काय, असे वाटावे! गाड्या हाकत होते ते मात्र दंतवैद्य, शाळामास्तर, पाववाले आणि पेन्शनर. कोणी इंग्लंडहून, कोणी हॉलंडहून, स्वतःच्या पैशाचे पेट्रोल जाळीत आलेले.

त्या गर्दीत माझ्या डोळ्यांत भरला तो ‘जिमी’. जनरल मोटर्सचा अडीच टनी ट्रक. मागे जोडचाके असल्याने टायर दहा, आणि पुढच्या-मागच्या सगळ्याच चाकांना इंजिनाची ओढ. युद्धकाळात अमेरिकेने असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक बांधले. ऑगस्टमध्ये फौजा इतक्या झपाट्याने पुढे सरकल्या की पेट्रोल आणि दारूगोळा मागे राहिला. रेल्वे तर बाँबफेकीने मोडून पडलेली. तेव्हा २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबर १९४४ पर्यंत ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या नावाने ट्रकांची माळ रात्रंदिवस धावली आणि तिने चार लाख टनांहून अधिक माल पोचवला. चारांतले तीन चालक कृष्णवर्णी अमेरिकन होते. ज्या सैन्यासाठी ते झोप मोडून धावत होते, त्याच सैन्यात त्यांची पथके वेगळी ठेवलेली असत. सँत-मेर-एग्लीजच्या चर्चच्या मनोऱ्याला पॅराशूटने उतरलेल्या शिपायाची प्रतिमा टांगलेली आहे, आणि लोक माना वर करकरून तिचे फोटो घेतात. ट्रकवाल्याची अशी प्रतिमा मला तरी कुठे दिसली नाही.

आमच्या जावईबापूंच्या कचेरीत एक मुलगी आहे. तिच्या आजोबांपाशी असा एक जिमी आहे असे कळले आणि आम्ही त्यांच्या खेड्यात जाऊन थडकलो. तिथले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना मातीचे बांध, त्यांवर दाट झाडोरा आणि मधून बैलगाडीपुरती वाट. सफरचंदाच्या बागेमागे पत्र्याची शेड, आणि शेडीत ट्रक. ट्रकाखाली तेलाचे थेंब झेलायला भाजायची जुनी परात ठेवलेली.

“तेल गळते वाटते?” मी विचारले.

भाचीने भाषांतर केले. म्हातारबाबा गंभीरपणे म्हणाले, “गळायचे थांबले की मी घाबरतो. म्हणजे आत उरलेलेच नाही!”

या छंदात पैशापेक्षा वेळ जास्त जातो, असे त्यांचे मत. (त्यांच्या पत्नीचे मत निराळे असल्याचे चेहऱ्यावरून दिसले.) बॅटरी सहा व्होल्टची, तारेचा एक सांधा गंजला की इंजिन आळस देऊन पुन्हा झोपते. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खाऊन टाकते, म्हणून नळ्या नव्या. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते, आणि गाडी उभी राहिली तर चाकांतले सिलिंडर आतून गंजून बसतात. म्हणून पंधरवड्यातून एकदा तरी ट्रक बाहेर काढावाच लागतो. जपून झाकून ठेवलेला ट्रक लवकर मरतो, असे ते म्हणाले, तेव्हा मला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली कुलूपबंद कपाटे आठवली.

पण खरा वाद होता रंगाचा. ट्रक घेतला तेव्हा तो निळा होता. एका लाकूडव्यापाऱ्याने तो रानातून ओंडके ओढायला वापरला होता, आणि मागे क्रेनची दांडी डाकून बसवली होती. पाण्याच्या पॉलिशपेपरने बोनेट हळूहळू घासता घासता निळ्याखाली गडद हिरवा लागला. तो फ्रेंच सैन्याचा. युद्धानंतर फ्रान्सने हे ट्रक ठेवून घेतले आणि इंडोचायना, अल्जीरियापर्यंत वापरले. त्या हिरव्याखाली शेवाळी अमेरिकन रंग, आणि एका संध्याकाळी त्यात पांढऱ्या आकड्यांची पुसट सावली उमटली. हाच त्याचा मूळ नंबर! ते सांगताना म्हातारबाबांचा आवाज खाली आला.

आता नंबर सापडल्यावर दांडी कापून टाकावी, पत्र्याला पडलेली ठिगळे काढावीत आणि ट्रक १९४४ सारखा करावा, असे त्यांच्या छंदबंधूंचे म्हणणे. बाबांनी नंबर रंगवला, पांढरा ताराही काढला. दांडी मात्र तशीच ठेवली. “लढाईत हा फार तर एक वर्ष होता. ओंडके त्याने पंधरा वर्षे ओढले. ती पुसणारा मी कोण?” एका परदेशी गिऱ्हाइकाने चांगली किंमत देऊ केली होती, पण दांडी काढून हवी होती. बाबांनी त्याला सफरचंदाची दारू पाजून परत पाठवले.

मी पेशाने मराठीचा मास्तर. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे दरवर्षी वर्गात सांगणारा. भर काढून मूळ पाठ उजळावा, हेच माझे शिक्षण. तेव्हा माझे मन प्रथम छंदबंधूंकडे झुकले, हे कबूल केले पाहिजे. पण आमच्या आजोबांच्या तोंडी ‘डिस्पोजल’ हा शब्द असे. युद्ध संपल्यावर आपल्याकडेही लष्करी ट्रक लिलावात निघाले, आणि धान्याची पोती व कापसाचे गठ्ठे वाहता वाहता झिजून भंगारात गेले. त्यांचा मूळ पाठ कोणी शोधला नाही आणि नंतरचाही जपला नाही. बाबांच्या दांडीवर हात ठेवला तेव्हा मी पक्ष बदलला.

मग फेरफटका. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा आणि मध्ये इंजिनाचा वेग कानाने जुळवायचा. चुकले तर ट्रक दात खातो. नात चालवीत होती, आजोबा शेजारी डोळे मिटून बसले होते, आणि भाची व मी हौद्यात फळ्यांच्या बाकावर हाडे मोजीत होतो. गिअर करकरला की आजोबा एक बोट वर करीत. चार मैलांत बोट सात वेळा वर गेले.

ट्रक नातीला द्यायचा ठरला आहे. पण त्यासाठी जड वाहनाचा परवाना हवा आणि तिची परीक्षा सप्टेंबरात होती. ऑक्टोबरात भाचीचा निरोप आला: “मामा, ती पास झाली, पण शेडीत मागे घेताना हौद्याची एक फळी फोडली.” ती फळी बदलायची की तशीच ठेवायची, यावर आजोबा आणि नात यांचे अजून एकमत झालेले नाही.