इंडियानोपर्यंत

डेव्हिड बघायचा, एवढं एकच मनात धरून मी फ्लॉरेन्सला निघाले होते. शिरोलीच्या फाउंड्रीत माझी बारा वर्षं गेली. आमच्याकडे कास्टिंग बिघडलं की ते पुन्हा भट्टीत जातं. दगडात ती सोय नाही. आधीच्या कारागिरांनी हात लावून अर्धवट सोडलेला संगमरवराचा ठोकळा मायकेलअँजेलोनं 1501 साली हाती घेतला आणि त्यातून पाच मीटरहून उंच माणूस काढला, तो हा डेव्हिड. बोलोन्यात मशीनचं प्रशिक्षण शनिवारी संपलं होतं, विमान मंगळवारचं होतं. मधला सोमवार माझा होता.

गाडी पाऊण तास उशिरा सुटली. फ्लॉरेन्सला उतरले तर पाऊस. कोल्हापूरच्या पावसाची सवय असलेल्या माणसाला त्याचं काय वाटावं? पण हा नोव्हेंबरातला पाऊस होता, बारीक आणि गार, कॉलरमधून पाठीवर उतरणारा. छत्री बोलोन्याच्या खोलीवर राहिली होती. भिजत, डेव्हिड ठेवलेल्या अकादमीच्या दारापर्यंत गेले. दार बंद. बाहेर कागद लावलेला होता आणि त्यावरचा एकच शब्द मला कळला : सोमवार. उफिझी संग्रहालयही सोमवारी बंद, नदीपलीकडचा पिट्टी राजवाडाही बंद. कॅथेड्रलच्या घुमटावर जायच्या 463 पायऱ्या तरी चढू म्हटलं, तर त्या दिवसाच्या सगळ्या वेळा आधीच भरलेल्या. सहा महिने ज्या दिवसाची वाट बघितली, तो सकाळी अकरा वाजताच हातातून गेला. आधी चौकशी का केली नाही म्हणून मला स्वतःचाच फार राग आला.

सिन्योरिया चौकात डेव्हिडची नक्कल उभी आहे. मूळ पुतळा 1873 पर्यंत याच जागी होता. मग तो आत हलवला आणि 1910 साली इथं ही प्रतिकृती बसवली. तिच्यासमोर दहा मिनिटं उभी राहिले. मन भरेना. बाजूच्या उघड्या कमानींखाली चेल्लिनीचा ब्राँझचा पर्सियस होता, तिथं मात्र पाय थबकले. हा ओतताना भट्टीतला रस घट्ट व्हायला लागला, तेव्हा चेल्लिनीनं घरातली कथलाची ताटं-वाट्या उचलून आत टाकल्या, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. रस गोठायला लागला की काळजात काय होतं ते मला ठाऊक आहे. पर्सियसच्या हातातल्या मुंडक्यातून लोंबणारे रक्ताचे ओघळसुद्धा धातूत नेमके उतरलेत. हे कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. मागं वळून बघितलं तर सगळे जोडीजोडीनं, गटागटानं उभे. एकटीनं फिरताना अडचण सोसता येते. आवडलेलं सांगायला शेजारी कोणी नाही, हे सोसत नाही.

तेव्हाच आजीचं बोलणं आठवलं. आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून येताना वाटेत गेले, तिकडं परमुलखात त्यांच्या स्मारकाची छत्री आहे, असं ती सांगायची. गावाचं नाव तिला येत नसे. ते मला पुढं पुस्तकात सापडलं होतं : फ्लॉरेन्स. कासिने बागेच्या अगदी टोकाला. ही जागा सोमवारीही बंद असणार नव्हती.

ट्रामचं तिकीट काढलं आणि आत बसले. दोन थांब्यांनंतर तपासनीस आला. तिकीट होतं, पण डब्यातल्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही. मी इंग्रजीत सांगत होते, तो इटालियनमध्ये, आणि डबाभर माणसं माझ्याकडे बघत होती. दंडाचे पैसे गेले त्याचं दुःख झालंच, पण जन्मात विनातिकीट न बसलेली मी त्या क्षणी चोर ठरले, ते जास्त लागलं. उतरल्यावर डोळ्यांत पाणी आलं. फोन काढला तर चार टक्के चार्जिंग. आईला लावायचा म्हणेपर्यंत तो बंद पडला.

कासिने ही बाग म्हणजे आर्नो नदीच्या काठाकाठानं तीनेक किलोमीटर लांब गेलेली झाडी. नदी डाव्या हाताला ठेवून सरळ चालायचं, एवढं सोपं होतं. पण चिखल चुकवायला मी आतल्या रस्त्यानं गेले आणि घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या कुंपणाशी अर्धा तास भरकटले. बुटांत पाणी. सकाळपासून पोटात एक कॉफी. एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. तिला मी ‘इंडियानो?’ एवढंच विचारलं. तिनं लगेच हात करून वाट दाखवली. जागेलाच ते नाव पडलंय. पुढं नदीवर मोठा पूल आहे, त्याचंही नाव इंडियानोचा पूल.

आणि झाडं संपली तिथं छत्री दिसली. नक्षीदार खांब, वर घुमट, आत रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला फेटा. चेहरा अगदी कोवळा. ही छत्री मेजर मँटनं आखलेली, म्हणजे आमच्या कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यानं आखला, त्यानंच. लहानपणापासून डोळ्यांखालचा हात होता तो.

1870 साली महाराज इंग्लंडला गेले, तेव्हा वय वीस. रोज डायरी लिहीत होते. ती त्यांच्या मागून, 1872 मध्ये छापली गेली. परतताना फ्रान्स आणि प्रशियाची लढाई पेटलेली, म्हणून जर्मनीकडून आल्प्स ओलांडून इटलीत उतरले. प्रकृती ढासळत गेली आणि 30 नोव्हेंबरला याच शहरात ते वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. प्रेत जाळायची तिथं रीत नव्हती. खास परवानगी काढावी लागली आणि रात्री, इथं आर्नोला मुन्योने नदी मिळते त्या जागी, चिता पेटली. बरोबरच्या माणसांनी परमुलखातही संगम शोधला होता. त्यांच्याच विचारानं मी तिथं खिळून राहिले. लाकूड त्यांनी कुठून मिळवलं असेल? कोणाला, कोणत्या शब्दांत विचारलं असेल? धनी गेलेला, भाषा येत नाही, आणि हातात जेमतेम दिवसभराचा वेळ.

छत्रीपुढं बूट घालून उभं राहायला मन घेईना. ओल्या नाड्या सुटता सुटेनात. सोडल्या, बूट बाजूला ठेवले आणि कठड्याशी हात जोडले. दगड गार होता. अंधारून आलं होतं.

पाठीमागं एक म्हातारे गृहस्थ येऊन थांबले होते. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग टोपी काढली. काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही. मी पुतळ्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे, आणि म्हटलं, ‘‘कोल्हापूर.’’

ते पुढं झाले, चौथऱ्यावरच्या लेखावर बोट फिरवत गेले, एका शब्दाशी थांबले आणि सावकाश वाचलं. त्यांच्या भाषेत ‘ह’ उच्चारत नाहीत.

‘‘कोलापूर.’’

माझी आजी अगदी असंच म्हणायची.