हजेरी आणि मुक्काम

लोणार, रविवार. नैरोबीहून रजेवर आलो की सायंकाळी दैत्यसूदनाचे दर्शन घेऊन सरोवराच्या काठावर जाण्याचा माझा परिपाठ आहे. जून २०२० मध्ये हे खारे पाणी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले, त्याची छायाचित्रे मी पुढे नैरोबीतील एका अनाथालयातील मुलांना दाखविली, तेव्हा ‘हे तर आमचेच मागाडी’ असा त्यांचा ठाम अभिप्राय पडला. केनियातील ते सोड्याचे सरोवरही तसेच रंग बदलते.

त्या संस्थेत मी शनिवारी गणित शिकवितो. अभ्यागत स्वयंसेवकांची तेथे वाण नाही. दूरदेशीची मंडळी येतात, पंधरवडा राहतात, मुलांना लळा लावतात आणि निघून जातात. एकदा ज्यांचे छत्र हरपले त्यांना तोच वियोग पुनःपुन्हा भोगावा लागतो, हे या मंडळींच्या गावीही नसते.

याउलट आमच्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकरांनी शंभरांहून अधिक अनाथ दिव्यांग मुलांना आश्रय तर दिलाच, परंतु दप्तरी पित्याच्या रकान्यात स्वतःचे नाव लावले, आणि अठरा वर्षे पूर्ण होताच अशा मुलांना बालगृहाबाहेर काढणाऱ्या नियमाविरुद्ध सरकारदरबारी सतत तगादा लावला. पद्मश्री २०२४ साली जाहीर झाली. मुले त्यापूर्वीच पापळकर झाली होती.

अशा आजन्म मुक्कामापुढे माझी आठवड्याची हजेरी अगदीच तोकडी. म्हणून एवढे पथ्य मात्र पाळतो, की रजेवर निघण्यापूर्वी परतीची तारीख फळ्यावर लिहून ठेवतो.