रात्रपाळीचं पाणी

बिबट्या दिसला की गावातून पहिली मागणी येते ती पिंजऱ्याची. जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि शेजारच्या अकोले तालुक्यात मी गेली अनेक वर्षं बिबट्यांचा अभ्यास करते आहे, आणि ही मागणी जिथे ऐकली नाही असं एकही गाव मला आठवत नाही. मागणाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्याच्या ओट्यापासून दहा पावलांवर ऊस सुरू होतो आणि ज्याची पोरं त्याच ओट्यावर खेळतात, त्याला दुसरं काय सुचणार? पण पिंजऱ्याने काय साधतं याचा हिशोब याच भागात एकदा मांडून झाला आहे.

२००१ नंतर जुन्नर वनविभागात बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटर लांब नेऊन सोडले. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. त्यानंतर ते १७ वर गेले. पूर्वी शंभरातले १८ हल्ले जीवघेणे ठरत, तेही ३६ झाले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हे आकडे प्रसिद्ध केले. हल्ले वाढण्याचं कारण समजायला अवघड नाही. आपल्या हद्दीतला बिबट्या कुठली वस्ती कधी निजते, कुठल्या बांधावरून कुणाच्या नजरेस न पडता जाता येतं, हे ओळखून असतो. त्याला उचलून अनोळखी मुलखात टाकलं की तो बिथरतो, घराकडे परतू पाहतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो, आणि त्याला या शिवाराची काहीच माहिती नसते.

उचलून सोडलेला बिबट्या किती लांब जाऊ शकतो ते ‘आजोबा’ने दाखवलं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या या नर बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं होतं. तो महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या बोरीवलीतल्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत महामार्ग, लोहमार्ग, वस्त्या. त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. दोन वर्षांनी तो मेला तो महामार्गावर, वाहनाच्या धडकेने.

मग हे जनावर आपल्या दाराशी कशासाठी येतं? अकोल्याच्या शेतशिवारात झालेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास प्रौढ बिबटे आढळले, तेही जंगल नसलेल्या आणि चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहणाऱ्या भागात. त्यांच्या विष्ठेवरून कळलं की वजनाच्या हिशोबाने त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आहे, ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण त्यांचा वाटा ११ टक्के, कारण शेळी रात्री आत बांधली जाते आणि कुत्रं मोकळं असतं. कुत्री वाढतात उकिरड्यावर, हॉटेलांच्या मागे आणि पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकतात तिथे. बिबट्या कमी व्हावा असं ज्या गावाला वाटतं, त्याने आधी तो ओढा साफ करावा. हे मी ग्रामसभांमध्ये सांगते तेव्हा पुष्कळांना तो विषय बदलण्याचा प्रकार वाटतो. तसा तो नाही.

बिबट्याच्या खाण्यात सहसा माणूस नसतो. उभा माणूस त्याला भक्ष्य वाटत नाही. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस किंवा लहान मूल, यांच्या बाबतीत मात्र त्याची गफलत होऊ शकते. अमेरिकेत प्यूमा या मोठ्या मांजराच्या डोंगरांत फिरायला जाणाऱ्यांना सांगतात की पळू नका, वाकू नका, अंग मोठं दिसू द्या, मुलाला उचलून घ्या. बिबट्यासमोरही हेच करावं, आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरावं. पण तो सल्ला हौसेने रानात गेलेल्या माणसासाठी आहे. आमच्याकडच्या बाईला खुरपायचं असतं, गवत कापायचं असतं. तिने वाकू नये असं कसं सांगणार? तिला सांगता येतं ते इतकंच: एकटीने जाऊ नका, उसाकडे पाठ करून बसू नका, बोलत राहा, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावा, आणि दिवस मावळायच्या आत घरी या.

हा शेवटचा सल्ला देताना मला दर वेळी अडखळायला होतं. शेतीपंपाची थ्री फेज वीज आलटून पालटून कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस मध्यरात्री मोटर चालू करायला विहिरीवर जातो आणि मग पहाटेपर्यंत उसात दारं धरतो. हातात खोरं, पायाखाली चिखल, कंबरेत वाकलेला, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. बिबट्याची शिकारीची वेळ आणि आपली पाणी देण्याची वेळ आपणच जुळवून ठेवली आहे. दिवसा वीज द्या ही मागणी शेतकरी वर्षानुवर्षं करत आले आहेत. २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आली, काही गावांना दिवसा पाणी देता येऊ लागलं. माझ्या मते बिबट्यापासून माणसं वाचवणारी याहून मोठी योजना नाही, आणि तिचा खर्च वन्यजीवांच्या खात्यावर टाकला तरी मला चालेल.

बाकीचं घरापुरतं आहे. गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी हवी. चारी बाजू बंद करून छप्पर उघडं ठेवलं तर बिबट्या आत उतरतो आणि कोंडलेली सगळी शेरडं मारू शकतो. परसाकडे अंधारात जावं लागू नये म्हणून शौचालय घराला लागून हवं. अंगणात दिवा हवा, आणि घर व ऊस यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा. ती जागा म्हणजे चार सऱ्यांचं उत्पन्न, याची मला जाणीव आहे.

आणि तरीही अशी वेळ येते की एखादा बिबट्या काढावाच लागतो. शिरूरच्या पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काही आठवड्यांत तीन जीव गेले, त्यांत मुलं होती. तिथे सहजीवनाच्या गोष्टी सांगायला जाणं मला निर्दयपणाचं वाटतं. पण नुसता दिसलेला बिबट्या आणि माणसं मारणारा बिबट्या यांत फरक करावाच लागतो. एरवी बिबट्या उसात बसलेला दिसला की शे-दोनशे माणसं मोबाइल घेऊन कडं करतात, आणि मग कडं फोडून बाहेर पडताना तो कुणाला तरी ओरबाडतो. १९२६ या हेल्पलाइनवर वनखात्याला कळवावं, एक बाजू मोकळी सोडावी, रात्री तो आपणहून निघून जातो.

दिवाळी झाली की गाळप हंगाम सुरू होतो. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोयता चालू लागतो आणि फडात पिल्लं सापडतात. ती उचलून नेऊ नयेत. सापडली त्याच जागी ठेवून माणसं लांब गेली की बहुतेक वेळा मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. जुन्नर भागात वनखातं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातले लोक हे काम जीव ओतून करतात. पण त्याच फडाच्या कडेला बीडहून आलेल्या मजुरांच्या कोप्या असतात. पाचटाच्या भिंती, दार नाही, दिवा नाही, आणि आईबाप पहाटे तोडीला गेले की आत झोपलेली पोरं एकटी. कारखान्यांनी या हंगामात कोप्या उसापासून दूर, गावाजवळ बांधून द्याव्यात, तिथे वीज आणि शौचालय द्यावं, आणि तोडीच्या वेळी पोरं सांभाळायला एक बाई पगारावर ठेवावी. उसाच्या दराच्या बैठकीत हा विषयही घ्यावा.