'आणि ते नाही जमलं तर?' : एमबीएचा अर्ज आणि आपला प्लॅन बी

एमबीएच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. "तुमचं ध्येय कळलं. पण ती नोकरी नाही मिळाली तर?" काही परदेशी बिझनेस स्कूल तर अर्जातच हे लेखी विचारतात.

वस्तीतल्या अभ्यासिकेत मी मुलामुलींचे असे अर्ज वाचते. या प्रश्नाला आपल्याकडची दोन उत्तरं ठरलेली असतात. एक : "माझा प्लॅन बी नाही, मी हरणारच नाही." दुसरं : "नाही जमलं तर एमपीएससी करेन."

पहिलं उत्तर जिद्दीतून येतं, दुसरं घरातून. आपल्या आईबापांनी सरकारी नोकरीत सुरक्षितता पाहिली यात चूक काहीच नाही. आरक्षण तिथेच आहे, खासगी क्षेत्रात नाही. पण समोरचा विचारणारच, की एमपीएससीच करायची तर लाखोंचं कर्ज काढून एमबीए कशाला? शिवाय "यांना सरकारी नोकरीच हवी" हा त्यांच्या डोक्यातला समज आपण स्वतःच्या हाताने पक्का करतो.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे : पर्याय म्हणजे माघार नव्हे. मुक्काम तोच ठेवून दुसरी वाट धरणं म्हणजे पर्याय.

बाबासाहेबांचीच ती वर्षं पाहा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. बडोद्याची नोकरी जातीच्या छळामुळे सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटलं. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे पैसे साठवून, काही मदत आणि उसनवारी करून १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी, दोन्ही पूर्ण केलं. पुढे वकिली जम धरत नव्हती तेव्हा बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत १९२५ ते १९२८ व्यापारी कायदा शिकवला. कामं बदलली, दिशा बदलली नाही. प्रत्येक पर्याय त्यांच्याच विद्येवर उभा होता.

आता आजचं उदाहरण. आमच्याकडची एक मुलगी, बी.कॉम., मायक्रोफायनान्समध्ये तीन वर्षं वसुली आणि कर्जवाटपाचं काम केलेली. ध्येय : छोट्या दुकानदारांना मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर. प्लॅन बी : एमपीएससी. मी विचारलं, "तुला शेवटी करायचंय काय?" म्हणाली, "ताई, आपल्या माणसाला तारण नाही म्हणून कर्ज नाकारलं जातं, ते बदलायचंय." मग उत्तर तिच्यासमोरच होतं. तिने लिहिलं : ती नोकरी न मिळाल्यास बँकेच्या लघुउद्योग कर्ज विभागात जाईन, सरकारी कर्जयोजनेचा अर्ज शाखेत नेमका कुठे अडतो हे तिथे शिकेन आणि पाच वर्षांनी त्याच ध्येयाकडे येईन. तीन ओळी. पण त्यात तिचा अनुभव होता, तिची दिशा होती, आणि कर्जाचा हप्ता फेडता येईल असा पगारही होता.

हप्त्याचा मुद्दा मुद्दाम काढते आहे. ज्याच्या वडिलांचा कारखाना आहे त्याचा प्लॅन बी घरीच तयार असतो. अर्जात तो "कौटुंबिक व्यवसाय वाढवेन" असं लिहितो आणि ते ऐटदार दिसतं. आपल्या घरी कारखाना नाही. म्हणून आपला पर्याय कागदावर शोभेसाठी नको, खराच हवा. त्या क्षेत्रातल्या दोन माणसांशी बोला, पगार विचारा, हप्ता मांडून बघा, मगच लिहा.

मलाही समाजशास्त्रात एम.ए. करून प्राध्यापक व्हायचं होतं. तासिका तत्त्वावरच्या मानधनात घर चालेना, तेव्हा सामाजिक कामात आले. शिकवणं सुटलं नाही. फळा कॉलेजातून अभ्यासिकेत आला, इतकंच.

तेव्हा "ते नाही जमलं तर?" असं कुणी विचारलं तर घाबरू नका, छातीही बडवू नका. ठरलेल्या मुक्कामाची दुसरी वाट शांतपणे सांगा. वाटा अडवल्या जाण्याचा अनुभव आपल्याइतका कुणाला आहे?

जय भीम!