वर माळ्यावर, खाली अंगणात

माझं पोट भाषांतरावर चालतं. इंग्रजीतली पानं मराठीत उतरवणं हा माझा रोजचा उद्योग. त्यातलं मला जे काही येतं, ते बरंचसं दोन माणसांचं देणं आहे. एक आमच्या वाळवा तालुक्यातल्या शाळेतल्या बाई, ज्या आम्हाला मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवायच्या. दुसरे आल्बर्ट सिडनी हॉर्नबी. त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांची गाठ बाईंनीच घालून दिली, कोशातून.

इंग्रजी शिकताना आपली माणसं मोठ्या शब्दांपाशी अडत नाहीत. अडतात ती अप, आउट, ऑन, विथ, ऑव्ह असल्या चिमुकल्या शब्दांपाशी. 'पुट' ठाऊक असतं, 'अप' ठाऊक असतं, 'विथ' तर पहिल्यापासून ठाऊक असतं. पण 'पुट अप विथ' म्हणजे चालवून घेणं, हे त्या तिघांकडे कितीही निरखून पाहिलं तरी कळत नाही. अशा जोड्यांच्या याद्या पाठ करून घ्यायची तेव्हा पद्धत होती. बाईंनी यादी कधीच दिली नाही. त्यांनी सुरुवात केली ती मराठीच्या तासाला.

फळ्यावर दोन वाक्यं आली. 'माकड वर गेलं.' 'माकड झाडावर गेलं.' पहिल्यातलं 'वर' सुटं, म्हणून क्रियाविशेषण. दुसऱ्यातलं नामाला जोडलेलं, म्हणून शब्दयोगी. शब्द एकच, काम निराळं. पुढचा तास इंग्रजीचा होता. बाईंनी फळा पुसूच दिला नाही. त्याच वाक्यांखाली त्यांनी लिहिलं, 'द मंकी वेंट अप.' 'द मंकी वेंट अप द ट्री.'

"काय दिसतंय?"

"बाई, तेच आहे की."

"मग इतके दिवस घाबरत कशाला होता?"

मग त्यांनी मला उभं केलं. "तुझी आजी तुला कामं कशी सांगते गं?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. वर माळ्यावर बघ. खाली अंगणात जा. आत देवघरात ठेव. बाहेर ओट्यावर बस. प्रत्येक वाक्यात आधी सुटी दिशा, मग नेमकं ठिकाण. शेजारी इंग्रजी आलं: 'अप इन द लॉफ्ट', 'डाउन इन द यार्ड', 'आउट ऑन द व्हरांडा'. इंग्रजीतही आधी दिशाच, मग ठिकाण. फरक इतकाच की आपला प्रत्यय किंवा शब्दयोगी नामानंतर लागतं आणि इंग्रजीतलं नामाच्या आधी येतं. आजी शाळेत गेलेली नव्हती. तिच्या बोलण्यातला हा क्रम इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात भेटेल, असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

पुढची पायरी कानाची होती. बाई खडूचा ठोका द्यायच्या. 'पुट इट ऑन' म्हणताना ठोका 'ऑन'वर. 'लुक ॲट इट' म्हणताना ठोका 'लुक'वर, 'ॲट' नुसतं निसटून जायचं. क्रियापदाचं म्हणून आलेलं अव्यय ठासून उच्चारलं जातं आणि जागाही बदलतं: 'टर्न ऑफ द लाइट' चालतं, 'टर्न द लाइट ऑफ'ही चालतं, आणि 'इट' असेल तर ते मध्येच बसतं. 'लुक आफ्टर हर'मधलं 'आफ्टर' मात्र जागचं हलत नाही, कारण ते पुढच्या सर्वनामाशी बांधलेलं.

खरी मजा दोन्ही एकत्र आले की. 'शी गेट्स ऑन विथ हर सिस्टर.' ठोका 'ऑन'वर पडतो, 'विथ' हलकं जातं. आता बहिणीला वाक्यातून काढा. उरतं 'दे गेट ऑन', आणि बहिणीबरोबर 'विथ'ही गेलेलं असतं. 'वुई हॅव रन आउट ऑव्ह मिल्क' घ्या. दूध कर्ता झालं की 'द मिल्क हॅज रन आउट', 'ऑव्ह' गळालं. म्हणजे पहिलं अव्यय क्रियापदाचं माणूस, दुसरं पुढच्या नामाचं. म्हणूनच 'हँड इट इन टू द टीचर'मध्ये 'इन' आणि 'टू' सुटे लिहायचे. दोघांची घरं वेगळी आहेत.

'लुक फॉरवर्ड टू'पाशी तर बाईंनी दिलेली कसोटी मी आजही वापरते. "टूच्या पुढे 'द हॉलिडेज' बसतं का बघ. बसलं ना? मग ते शब्दयोगी. तिथं क्रियापद न्यायचं तर नाम करूनच न्यायचं, 'मीटिंग यू'." आपल्याकडच्या कार्यालयीन पत्रांत 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' अजूनही सर्रास असतं. ते दिसलं की मला बाईंचा आवाज ऐकू येतो.

मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा त्यांनी आपला कोश माझ्या हातात ठेवला. हॉर्नबींच्या ऑक्सफर्ड कोशाची 1974 ची तिसरी आवृत्ती, कडा मऊ पडलेल्या. त्यात क्रियापदापुढे 'व्हीपी 15 बी' असा संकेत दिसला, की त्याबरोबर कर्म आणि ठोक्याचं अव्यय येतं हे कळायचं. बाई ठोक्यानं शिकवत ते इथं खुणेनं नोंदलेलं होतं. हॉर्नबी 1924 साली जपानात इंग्रजी शिकवायला गेले, पुढे हॅरोल्ड पामर यांच्या तोक्योतल्या संस्थेत कामाला लागले. गेटनबी आणि वेकफिल्ड या दोन सहकाऱ्यांसोबत रचलेला त्यांचा कोश 1942 साली, ऐन युद्धात, तोक्योत छापला गेला. ऑक्सफर्डनं तो काढला 1948 मध्ये. तो इंग्रजांसाठी रचलेला नव्हता. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही, त्यांच्यासाठी होता, म्हणून शब्द वाक्यात बसतो कसा हे त्यात होतं. त्या काळी इतक्या तळमळीनं आमच्यासारख्यांचा विचार कोणी केला, याचं मला फार अप्रूप आहे.

एक गोष्ट मात्र मला कामानं शिकवली, आणि ती बाईंना सांगायची राहून गेली. इंग्रजीतल्या या अव्ययाला मराठीत अव्यय शोधत बसू नये. आपण ते काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. 'राइट डाउन' म्हणजे लिहून घे. 'गेट ऑन विथ हर' म्हणजे तिच्याशी जुळवून घे. 'विथ'चा 'शी' झाला, कारण तो नामाचाच होता. 'ऑन'ला तसं काही शोधावं लागलं नाही, त्याचं काम 'घे'नं केलं. बाईंनी शिकवलेली फाळणी भाषांतरातही तशीच टिकते.

हॉर्नबींनी 1961 मध्ये कोशाच्या कमाईचा मोठा वाटा एका न्यासाकडे वळवला. त्या पैशातून देशोदेशीचे इंग्रजीचे शिक्षक आजही शिकतात. बाईंनी मात्र स्वतःजवळचा एकमेव चांगला कोशच देऊन टाकला. इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या वाचकांना एवढीच विनंती: जोड्यांची यादी लिहून देण्याआधी एक तास मराठी अव्ययांवर घ्या, आणि मुलांच्या घरातली वाक्यं मुलांकडूनच मागून घ्या.