सहा फुटांवरचे पक्षी

गेले आठ महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरलेला आहे. ताटं मांडायची वेळ झाली की हे तो गुंडाळून फ्रिजवर ठेवतात आणि जेवणं आटोपली की पुन्हा खाली काढतात. एकदा घाईत तो तसाच राहिला आणि इसाबेला नावाच्या बेटावर बरोब्बर मधोमध आमटीचा डाग पडला. "ज्वालामुखीच आहेत तिथं, शोभतो," म्हणत ह्यांनी तो मला पुसूही दिला नाही.

नकाशा गालापागोस बेटांचा. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे हजार किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या अंगाखांद्यावर ही बेटं आहेत. बेळगावात राहणाऱ्या, पासष्टी ओलांडलेल्या नवराबायकोनं तिथं जायचं कशाला, हे पुण्याहून मुलानं विचारलं, कोल्हापुराहून जावेनं विचारलं आणि शेजारच्या अक्कांनी कंपाउंडच्या भिंतीवरून विचारलं. मी बत्तीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवलं, फिंच पक्ष्यांच्या चोची फळ्यावर काढून काढून खडूचे डबे संपवले, म्हणून आता मला डार्विनची बेटं बघायची आहेत, असा मुलाचा समज आहे. तो मी तसाच राहू दिला आहे. खोटा नाही, पण अर्धाच.

उरलेला अर्धा सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दांडेलीजवळ गणेशगुडीला गेलो होतो. ह्यांची नोकरी पाटबंधारे खात्यातली, पण जन्माचा नाद पक्ष्यांचा. धरणाच्या कामावर असतानाही ह्यांच्या गळ्यात दुर्बीण असायची. त्या दिवशी सकाळी बरोबरचा वाटाड्या पोरगा एकदम थांबला आणि कुजबुजला, "मंगट्टे, सर, मंगट्टे!" मंगट्टे म्हणजे आपला धनेश. समोरच्या उंबरावर चांगले चार बसले होते. ह्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली, इकडेतिकडे फिरवली आणि म्हणाले, "वा! सुरेख!" दुर्बीण भलत्याच झाडाकडे होती. पोरानं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं.

नंतर डॉक्टरांनी नाव सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत जातो. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं नेमकं तेच पुसट होतं. जवळचं, मोठं, चांगल्या उजेडातलं बरंच दिवस दिसत राहील, असंही ते म्हणाले. घरी आल्यावर दुर्बीण कपाटात गेली. त्यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. पेपर हातात धरायचा आणि बातम्या मला विचारायच्या, एवढाच काय तो बदल.

मग मीच एका रात्री नकाशा काढला. कारण जगात अशी एक जागा आहे हे मी दरवर्षी वर्गात सांगत आले होते, की जिथं पक्षी माणसाला बघून उडत नाहीत. शिकार करणारे मोठे सस्तन प्राणी त्या बेटांवर मुळात नव्हतेच, त्यामुळे पळून जायची सवय त्यांच्या रक्तात आलीच नाही. निळ्या पायांचा बूबी पक्षी चालत्या वाटेवर अंडी घालून बसतो. सागरसिंह बाकावर झोपलेले असतात. तिथं नियम करावा लागतो तो माणसाला: कुठल्याही प्राण्यापासून दोन मीटर दूर उभं राहा. दोन मीटर म्हणजे सहा फूट. दुर्बीण लागतच नाही.

ठरवणं सोपं होतं, आखणं नाही. इथून चोर्ला घाटातून गोव्याला जायचं तरी आमच्याकडे दोन मतं पडतात.

पहिला प्रश्न बोटीचा. १९५९ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि जवळजवळ ९७ टक्के जमीन त्यात येते. लोकवस्तीच्या चार-पाच बेटांवर हॉटेलात राहून दिवसापुरतं फिरता येतं, पण लांबची बेटं बघायची तर बोटीवरच राहावं लागतं. बोट रात्री चालते, सकाळी नव्या बेटापाशी उभी असते. शंभराहून जास्त प्रवाशांच्या जहाजाला तिथं परवानगी नाही आणि बऱ्याचशा बोटी सोळा जणांच्याच आहेत, कारण एका वाटाड्यामागे सोळाच माणसं न्यायची असा दंडक आहे. मोठं जहाज कमी हलतं, त्यावर डॉक्टर असतो. लहान बोट डुलते. मी लहानपणी मावशीकडून परत येताना मुंबई–पणजी आगबोटीनं आले होते. त्या रात्रीची आठवण सांगत बसत नाही, दिवाळी अंक आहे. पण सोळा माणसांत वाटाड्याला दुसऱ्या दिवशी कळेल की ह्या गृहस्थांना हात धरून थोडं पुढं न्यायला हवं. शंभरांत ते कोणाला कळणार? म्हणून लहानच, मात्र दोन पोटांची बोट घ्यायची असं ठरलं. ती कमी कलंडते म्हणतात. एवोमिनच्या गोळ्या आणून ठेवल्या आहेत. डार्विनची 'बीगल' तरी केवढी, नव्वद फुटांची, आणि तीत सत्तरहून अधिक माणसं. बिचारा पाच वर्षांच्या सफरीत कायम बोट लागून आडवा व्हायचा. हे वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल जास्तच जवळीक वाटते.

दुसरा प्रश्न महिन्याचा. जून ते नोव्हेंबर थंड प्रवाह जोरात असतो, समुद्र खवळतो, आकाशातून बारीक धुकट पाऊस झरतो. डिसेंबर ते मे समुद्र शांत, पाणी कोमट, उजेड लख्ख. ह्यांना उजेड हवा, मला शांत समुद्र. पण आल्बट्रॉस पक्षी जानेवारी ते मार्च बेटावर नसतोच, दूर समुद्रात असतो. एप्रिलपर्यंत परततो. त्यामुळे मे महिना ठरला. आपल्याकडे वळवाची वाट बघत पापड वाळवायचे दिवस.

तिसरा प्रश्न वाटेचा, आणि तिथं मात्र आमचं अडलं. एकाच जागी चौदा दिवसांच्या आत दुसऱ्यांदा जायला बोटींना बंदी आहे. त्यामुळे प्रत्येक बोट एक आठवडा पूर्वेकडून फिरते, दुसरा पश्चिमेकडून. दोन्ही आठवडे घ्यायचे तर पैसे दुप्पट. आणि पैसे म्हणजे माझ्या स्वयंपाकघराचा नवा ओटा, फरशी आणि वर मुदतठेवीचा एक तुकडा, एवढं एकाच आठवड्यात चाललं आहे. परदेशी माणसाला नुसत्या उद्यानाची प्रवेश-फी ऑगस्ट २०२४ पासून दोनशे डॉलर झाली, पूर्वी शंभर होती.

पूर्वेच्या टोकाला इस्पान्योला बेट. तिथल्या लाटांसारख्या नक्षीच्या आल्बट्रॉसचं जवळजवळ सगळं विणीचं ठाणं त्या एकाच बेटावर आहे. पश्चिमेला फर्नांदिना आणि इसाबेलाचा किनारा. तिथं उडणं विसरलेला पाणकावळा राहतो, जगात दुसरीकडे कुठंही नाही. (या बेटांना इंग्रजी आणि स्पॅनिश अशी दोन-दोन नावं आहेत. जुन्या पुस्तकात हूड, नव्या नकाशात इस्पान्योला. मुलगा म्हणाला, केवढा गोंधळ. म्हटलं, बाबा रे, तू बेळगावातच जन्मलास ना? पाट्या विसरलास?)

मला हवा होता पाणकावळा. न वापरलेले पंख पिढ्यान् पिढ्या आखूड होत गेले, हे मी पुस्तकातल्या करड्या चित्रावरून किती वर्षं शिकवलं! एकदा एका मुलानं मागच्या बाकावरून विचारलं होतं, "बाई, तुम्ही बघितलाय काय?" वर्ग हसला, मीही हसले. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर निवृत्त झाला. ह्यांना हवा होता आल्बट्रॉस. महिनाभर आमची रस्सीखेच चालली. मी म्हणायची, पेंग्विनसुद्धा पश्चिमेलाच जास्त. हे म्हणायचे, डार्विनला तरी कुठं सगळं मिळालं? पाच आठवड्यांत चारच बेटांवर उतरला, इस्पान्योलावर पाय ठेवला नाही.

मधेच मला वेगळंच काही खुपायला लागलं. २०२३ साली त्या बेटांवर तीन लाखांहून जास्त पर्यटक आले. आपण दोघं त्यांत भर घालणार. खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांत एक दुर्मीळ वटवाघूळ आहे. पुष्कळ वर्षं ते फक्त तिथंच सापडतं असं समजत होते, पुढं मेघालयातही मिळालं. त्या गुहांकडे माणसांची रांग लागली असती तर मीच पहिली ओरडले असते. हे ह्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणूनच तिथं वाटाड्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत, बुटाची माती बघतात, बॅगेतली फळं-बिया काढून घेतात. आपण नियमानं वागू." माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. पण जायचं रद्दही केलेलं नाही, हे कबूल करते. बेळगावचा कुंदा मात्र मुंबईच्या विमानतळावरच संपवायचा असं ठरलं आहे.

पैसे भरायची तारीख उद्यावर आली तेव्हा मी जरा चिडूनच म्हटलं, "अहो, त्या आल्बट्रॉसात एवढं काय आहे? पाणकावळा जगात एकाच जागी आहे."

हे नकाशावरच्या आमटीच्या डागावर बोट फिरवत होते. म्हणाले, "अगं, तो काळपट पक्षी. बसणार काळ्या लाव्ह्यावर. सहा फुटांवर असला तरी मला काय दिसणार? आल्बट्रॉसचं डोकं पांढरं आहे, चोच पिवळीधमक आहे. पंख पसरले तर सात फुटांच्या वर. तो मला दिसेल."

दोन वर्षांत त्या डोळ्याबद्दल ते पहिल्यांदा बोलले. मी गॅसवर दूध ठेवलं आहे असं म्हणून आत गेले. दूध ठेवलेलं नव्हतं.

पूर्वेच्या वाटेचे पैसे भरले.

बाकी कामं मग भराभर झाली. कीतो शहर २,८०० मीटरवर आहे, ह्यांचं ब्लडप्रेशर बघून आम्ही समुद्रकाठच्या ग्वायाकीलवरून विमान घेतलं. तिथून बाल्ट्राला उतरायचं; ती धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधली. आमच्या सांबऱ्याची धावपट्टीही त्याच युद्धातली, त्यामुळे ह्यांना ते घरच्यासारखं वाटतं. इक्वेडोरहून भारतात परतायचं तर पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो, आणि तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. साठीनंतर ही लस जपून द्यावी लागते, म्हणून आधी आमच्या डॉक्टरांनी दोघांना तपासून होकार दिला. मग मुरगाव बंदरावरच्या आरोग्य कचेरीत जाऊन टोचून आलो.

शेवटी बोटीचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: लहान होडीत चढता-उतरता येतं का? खडकावर पाय ठेवून उतरायचं असेल तर एक प्रकार, लाटेत गुडघाभर पाण्यात उडी टाकायची असेल तर दुसरा. मदत करणाऱ्यानं हात हातात धरायचा नाही, एकमेकांची मनगटं धरायची, म्हणजे ओला हात निसटला तरी पकड सुटत नाही. रकान्यात 'हो' लिहिण्याआधी ह्यांना खात्री करून घ्यायची होती.

म्हणून रविवारी सकाळी परसात धुण्याच्या दगडाशेजारी डगमगता स्टूल ठेवला. हे स्टुलावर, मी दगडावर. मी त्यांचं मनगट धरलं, त्यांनी माझं. भिंतीपलीकडून अक्कांनी डोकं वर काढलं. "एन माडाकत्तीरी?"

"बोट हत्ताकत्तेव्री," मी म्हटलं. बोटीत चढतोय.

अक्कांनी स्टुलाकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. "नीर एल्लैती?" पाणी कुठाय?

मला हसू आवरेना. ह्यांनी मनगट काही सोडलं नव्हतं. "हसू नको, पकड ढिली होते," ते म्हणाले. "आता डावा पाय."