चौथ्या मजल्यावरची पानवेल

पाणी, खत, बियाणे आणि मजुरी यांचे हिशेब वसईच्या आमच्या वाडवडिलांनी चोख ठेवले. उन्हाचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. जे उदंड आणि फुकट मिळते, त्याची वही कोण लिहिणार? ती वही उघडण्याची पाळी आमच्या पिढीवर आली, कारण आम्ही वाडीतून सदनिकेत राहावयास आलो.

भावंडांत वाटण्या झाल्या, वाडीचा मोठा भाग विकला गेला आणि ब्याऐंशी वर्षांची आमची आई आमच्यासोबत चौथ्या मजल्यावर आली. खिडकीसमोर पंचवीस फुटांवर दुसरी इमारत. ऊन येते ते सकाळी जेमतेम पाऊण तास. गुडघ्यांमुळे आईला जिना उतरणे कठीण. जिच्या हातांना साठ वर्षे माती लागली, तिने ते हात दिवसभर मांडीवर ठेवून बसावे, हे पाहणे आम्हांस जड जात होते. खिडकीत तिने पेरलेली मेथीही लांबट, फिकट होऊन काचेकडे कलंडली. वाढीचे संप्रेरक देठाच्या सावलीकडील बाजूस अधिक साठते, ती बाजू वेगाने लांबते आणि देठ उजेडाकडे वाकतो, असे शास्त्र सांगते. आई एवढेच म्हणाली, “उपाशी आहेत रे ती रोपं.”

आईचे निदान अचूक होते. निरभ्र दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते. आपल्या बैठकीच्या खोलीत दिवे लावूनही ती दोन-तीनशेच्या पुढे क्वचितच जाते. डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो. रोपाला तशी सोय नाही. त्याचे अन्नच प्रकाशातून तयार होते. पानातील हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते, हिरवा त्या मानाने अधिक परतवते. म्हणून पान आपणांस हिरवे दिसते.

येथे एलईडी दिवा उपयोगी पडतो. तांबडा दृश्य प्रकाश देणारा पहिला एलईडी १९६२ साली अमेरिकेत तयार झाला. प्रखर निळ्यासाठी पुढे तीस वर्षे वाट पाहावी लागली, आणि त्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांनी अशाच दिव्यांखाली पिकविलेली लेट्यूसची पाने खाल्ली. अंतराळात जे साधले, ते वसईतील चौथ्या मजल्यावर का साधू नये?

बारावीत शिकणाऱ्या मुलाला हाताशी घेऊन आम्ही दिवा बनविला. जांभळा प्रकाश मुद्दामच टाळला. त्याखाली पानावरची कीड वा डाग नीट दिसत नाहीत. साधा पांढरा एलईडी हा मुळात निळा असून त्यावरील लेपामुळे पांढरा भासतो. त्यात निळा आणि तांबडा दोन्ही अंश असतात. दोन फूट लांब व एक फूट रुंद असा ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला. एलईडी तापला की त्याचे आयुष्य घटते. पत्रा ती उष्णता पसरवून टाकतो. मीटरला १४.४ वॅट खाणारी, १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणली व खुणेच्या जागीच कापून तिचे ६० सेंटिमीटरचे चार तुकडे पत्र्यावर चिकटवले. एकामागे एक जोडल्यास शेवटचे टोक मंद पडते; म्हणून प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र तारा डाख देऊन जोडल्या. एकूण भार ३५ वॅटच्या आत, म्हणजे सुमारे ३ अँपिअर. त्यासाठी ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर घेतला, म्हणजे तो तापत नाही. तो कुंड्यांपासून दूर, उंचावर बसविला. घरातील वीज तेथेच थांबते. रोपांवर येते ती १२ व्होल्टची. पत्रा साखळीने टांगला, रोपे वाढतील तसा वर उचलता यावा म्हणून. रोपांच्या शेंड्यापासून तो वीतभर अंतरावर ठेवतो. रोज १४ तास दिवा जळतो. अर्धा युनिट, म्हणजे महिन्याला पंधरा युनिट वीज लागते.

मेथी आणि कोथिंबीर जोमाने आली. मिरचीचे एक रोप आम्ही कसोटी म्हणून ठेवले. त्यास फुले आली, पण गळून पडली. पानाला पुरणारा उजेड फळाला पुरत नाही, हा हिशेब तेव्हा वहीत पक्का झाला. खरा आनंद दिला तो पानवेलीने. ती मुळातच सावलीतली. वाडीतही ती कडक उन्हापासून जपूनच वाढविली जाई. डोळे पाहून कांडी कशी छाटावी, किती डोळे मातीत दाबावेत, ओल किती राखावी, हे आईने नातवाच्या हाताला धरून शिकविले. तारा जोडणाऱ्या मुलाला वेल बांधणे जमेना, तेव्हा ती हसली. पुष्कळ दिवसांनी आम्ही ते हसणे ऐकले. दिव्याचे कौतुक करणाऱ्या शेजाऱ्यांना मात्र ती बजावते, “दिवा आहे तो, ऊन नव्हे.”

या वाक्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. दोन फुटांची ही फळी वाडीची जागा घेऊ शकत नाही, आणि तसे समाधान कोणी मानूही नये. आमच्या वाट्याचे चार गुंठे अद्याप शिल्लक आहेत. ते विकावे काय, हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो. एका फळीभर मेथीसाठी महिन्याला पंधरा युनिट मोजणाऱ्या माणसाला चार गुंठ्यांवर रोज पडणाऱ्या उन्हाची किंमत नव्याने कळते. जमीन गेली तर ती कदाचित दुसरीकडे घेता येईल. वेल लावणारे हात गेले, तर जमीन असूनही ती मुकीच राहील. ते हात नातवापर्यंत पोहोचावेत, एवढेच काम या दिव्याने करावयाचे आहे. यंदा पावसाळ्याच्या तोंडी मुलाने चौथ्या मजल्यावरच्या वेलीच्या सहा कांड्या छाटल्या आणि त्या चार गुंठ्यांत नेऊन लावल्या. तेथे दिव्याची गरज नाही.